खाडीत भरती, तळ्यात सामसूम: पाणथळीचं पाणी हलत नसेल तर काय काय तपासायचं

दसरा झाला की मला फोन यायला लागतात. "दादा, तळ्यात पक्षीच नाहीत." पुढचं वाक्यही ठरलेलं असतं: "या रविवारी पोरं गोळा करू का, गाळ काढायला?"

थांबा. फावडी घरीच राहू द्या.

ठाणे खाडीच्या पट्ट्यातल्या एका राखीव पाणथळीत मी बरीच वर्षं सुट्टीच्या दिवशी चिखल तुडवतोय, आणि हा एकच बिघाड इतक्यांदा काढलाय की निम्मं निदान फोनवरच होतं. तळ्याचं दुखणं बहुधा तळ्यात नसतंच. पाणी जिथून आत-बाहेर करतं, त्या तोंडाशी असतं.

आधी रचना सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आमचं तळं म्हणजे जुनं खाजण, बांध घालून खाडीपासून राखलेली भातशेतीची जमीन. खाडीच्या बाजूला मातीचा बांध, बांधात एक उघाडी (गोव्यात हिलाच मानस म्हणतात) आणि शेजारी दोन सिमेंटचे पाइप. बाहेर तिवरांमधून (खारफुटीच्या झाडांतून) वळणं घेत जाणारा एक ओहोळ, आणि मग खाडी. उघाडीची झडप एकाच दिशेने उघडते. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने ती उघडते, भरतीला बाहेरच्या दाबाने मिटते. भातशेतीसाठी हे अगदी बरोबर होतं, कारण खारं पाणी आत नकोच असायचं. आता शेती नाही आणि पाखरांना खारं पाणी हवंय, म्हणून पाइप टाकलेत. थोडक्यात, पाणी येतं मुख्यतः पाइपांतून आणि जातं मुख्यतः उघाडीतून. तुमच्याकडे रचना थोडी वेगळी असेल, पण तपासायचा क्रम हाच ठेवा.

लक्षणं

"पक्षी नाहीत" हे लक्षण नव्हे, ती तक्रार झाली. त्याआधी पाण्याकडे बघा.

पहिला प्रकार: तळं काठोकाठ भरलेलं, चिखलाचा एक पट्टाही उघडा नाही. फिरायला येणारे म्हणतात, "काय सुंदर भरलंय!" आत फक्त पाणकावळे, टिबुकल्या आणि चांदवे. रोहितांचा (फ्लेमिंगोंचा) थवा वरून एक फेरी मारतो आणि निघून जातो. कारण साधं आहे. टिलवे, छोटे चिखले चार-पाच सेंटिमीटर पाण्यात चरतात, म्हणजे जेमतेम दोन-तीन बोटं. शेकाट्याचे पाय लांब, त्याला वीतभर चालतं. थापट्या आणि तलवार बदकं त्याहून थोड्या खोल पाण्यात डोकं खाली घालून खातात. कमरेइतकं पाणी म्हणजे यातल्या बहुतेकांसाठी जेवणाचं ताटच उचलून नेल्यासारखं.

दुसरा प्रकार याच्या उलट. तळ आटलेला, चिखलाला भेगा, कडेला मिठाची पांढरी कड, आणि कुत्री थेट मधल्या उंचवट्यापर्यंत चालत जातात.

तिसरा: पातळी ठीक दिसते, पण पाणी हिरवंगार किंवा काळपट, कुजकट वास, पहाटे मासे तोंड वर काढून हवा गिळताना दिसतात.

चौथा: पाणी उत्तम, चिखल उत्तम, तरी पक्षी नाहीत. यावर शेवटी बोलू. त्यातलं निम्मं मात्र पहिल्याच तपासणीत सुटतं.

१. पंचांग बघा (फुकट)

हसू नका. आमच्या पहिल्या वर्षी मी १४ जणांना घमेली-फावडी घेऊन बोलावलं होतं, "पाइप तुंबलेत" म्हणून. सकाळभर आम्ही पाइपाच्या तोंडाशी घाम गाळला. पाणी काही आलं नाही. बांधावर विडी ओढत बसलेले एक आगरी आजोबा शेवटी म्हणाले, "पोरांनो, आज अष्टमी हाय. भांगाचं पानी कवा चढतंय वर?" आठवड्याभराने उधाण आलं आणि तळं आपोआप भरलं. आमचा काही हात लागला नव्हता त्याला.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास आणि नंतर एक-दोन दिवस उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे सर्वांत कमी चढणारी भरती. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाची भरती साडेचार मीटरच्या आसपास किंवा वर जाते, भांगाची साडेतीनच्याही खाली राहू शकते. हा मीटरभराचा फरक फार मोठा. तुमच्या पाइपाचा तळ या दोन्हींच्या मध्ये असेल, तर महिन्यात दोनदा काही दिवस तळ्यात भरतीचं पाणी येणारच नाही. तो बिघाड नव्हे. आमच्याकडे भरती-ओहोटीच्या तक्त्यात ३.८ मीटरच्या खाली आकडा असला की पाणी आत शिरत नाही. तुमचा आकडा कोणता, ते एकदा बसून शोधा आणि चौकीच्या भिंतीवर लिहून ठेवा.

तक्ता हाताशी नसेल तर कोळीवाड्यातला हिशोब वापरा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता. पौर्णिमेला सव्वाअकरा. दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, पण रविवारची वेळ ठरवायला पुरतं.

यात एक खोच आहे, ती मला कळायला दोन हिवाळे गेले. दिवसाच्या दोन्ही भरत्या सारख्या नसतात. आपल्याकडे पावसाळ्यात उधाणाची मोठी भरती भर दुपारी येते; हिवाळ्यात तीच मध्यरात्री. डिसेंबर २०२५ च्या उधाणात रात्रीची भरती पाच मीटरला टेकली आणि दुपारची सव्वाचारच्याही आत राहिली. म्हणजे हिवाळ्यात तळं रात्री भरतं आणि आपण दुपारी जाऊन "पाणी येतच नाही" म्हणत बसतो.

पक्ष्यांचंही तेच. ओहोटीला खाडीतला चिखल उघडा पडतो तेव्हा रोहित, तुतवार, पाणटिवळे सगळे तिकडे जेवायला गेलेले असतात. खाडीचा चिखल पाण्याखाली गेला की ते तळ्यात विसाव्याला येतात. ओहोटीला तळ्यात जाऊन पक्षी मोजणं म्हणजे शाळा सुटल्यावर हजेरी घेणं. भरतीच्या तासभर आधी जा आणि मग सांगा.

२. दोन मोजकाठ्या आणि एक रिकामा दिवस (दोन-तीनशे रुपये)

पीव्हीसी पाइपाचे दोन तुकडे घ्या, दर पाच सेंटिमीटरवर लाल रंगाचा पट्टा मारा. एक तळ्यात रोवा, एक बाहेर ओहोळात, दोन्हींचा शून्य एकाच उंचीवर. पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी लेव्हल घेतात तसं केलं की जमतं. मग उधाणाच्या दिवशी ओहोटीच्या तळापासून भरतीच्या माथ्यापर्यंत आणि पुन्हा खाली, दर पंधरा मिनिटांनी दोन्ही आकडे वहीत लिहा. बारा तास लागतात. पाळ्या लावा, डबे न्या.

कंटाळवाणं काम आहे, पण पुढची प्रत्येक तपासणी यावर ठरते. आतलं पाणी बाहेरच्यापेक्षा उशिरा चढणं स्वाभाविक आहे. पाइप बारीक आणि तळं मोठं. तुम्ही बघायचा तो फरकाचा नमुना.

बाहेर दीड मीटर चढलं आणि आत काठी हललीच नाही, तर तोंड पूर्ण बंद आहे. आत चढतं पण अगदी थोडं आणि फार उशिरा, तर अर्धवट तुंबलंय. तपासणी ३ कडे जा. नीट चढतं पण ओहोटीला उतरत नाही, तर झडप अडकली आहे किंवा बाहेरचा ओहोळ गाळाने वर आलाय. ४ आणि ५. चढतं त्याच वेगाने उतरून पार तळ गाठतं, तर झडप मिटत नाही किंवा बांध गळतोय. ४ आणि ६.

या वहीशिवाय कार्यालयात गेलात तर "बघतो" एवढंच उत्तर मिळतं. वही घेऊन गेलात तर समोरचा निदान खुर्चीतून उठतो.

३. जाळी आणि पाइपाची तोंडं (हातमोजे, दाताळं, दोन तास)

माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त वेळा दुखणं इथेच सापडतं. गणपतीनंतर आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर तर नक्कीच. थर्माकोलचे तुकडे, निर्माल्याच्या पिशव्या, नायलॉनच्या जाळ्याचे गुंते, चपला. एकदा अख्खी गादी निघाली. पाण्याने फुगलेली ती गादी दोन पाइपांपैकी एक बाटलीच्या बुचासारखा बंद करून बसली होती, आणि आम्ही तीन महिने गाळाला दोष देत होतो.

काम ओहोटीच्या तळाला, पाणी थांबलेलं असताना, बांधावरून लांब दांड्याच्या दाताळ्याने करायचं. काढलेला कचरा बांधावर ठेवू नका. पुढच्या उधाणात तो परत आत जातो. गोणीत भरून त्याच दिवशी बाहेर न्या.

उघाडीच्या तोंडाशी कुणी मासे धरायला जाळं लावलं असेल तर ते कापू नका. त्या माणसाला शोधा. बहुतेक वेळा तो शेजारच्या गावातलाच असतो आणि उघाडीबद्दल तुमच्यापेक्षा जास्त जाणतो. आम्ही एका काकांशी भांडायच्या बेतात होतो. चहा पिता पिता ठरलं की ते जाळं उधाणाचे चार दिवस काढतील. आता झडप अडकली की पहिला फोन त्यांचाच येतो.

इथे ठाम थांबा: पाणी वाहत असताना पाइपाच्या तोंडाशी उतरायचं नाही. दोन्ही बाजूंच्या पातळीत हातभर फरक असला तरी ओढ इतकी असते की पाय आत गेला तर बाहेर निघत नाही. आणि पाइपात किंवा उघाडीच्या बंद कप्प्यात माणूस उतरवायचा नाही, तो कितीही सडपातळ आणि उत्साही असो. कुजलेल्या गाळात हायड्रोजन सल्फाइड साठतो. आधी सडक्या अंड्यांसारखा वास येतो, आणि वायू जास्त असेल तर नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे धोका गेला असं वाटतं, तिथेच माणूस कोसळतो. तोंडाशी साफ केलं तरी पाणी जात नसेल तर अडथळा मध्ये आहे. तो काढायला यंत्र आणि ते चालवणारी प्रशिक्षित माणसं लागतात. आपलं काम संपलं.

४. झडप (खुरपं, छिन्नी, ग्रीस)

ओहोटीला वरून बघा. झडप आणि चौकटीच्या मध्ये एखादा दगड, नारळ, लाकडाचा ओंडका अडकलाय का? मुठीएवढी फट राहिली तरी उधाणाचं पाणी तासन् तास आत येत राहतं. चौकटीवर कालवं आणि शिंपल्या वाढल्या असतील तर झडप टेकत नाही. त्या खरवडून काढता येतात, पण झडप दोराने वर बांधून आणि दुसऱ्या माणसाने दोर धरलेला असतानाच. झडप आणि चौकटीच्या मध्ये बोटं घालायची नाहीत. पाण्याच्या एका धक्क्याने ती मिटते. बिजागऱ्यांना ग्रीस लावा.

याच्या पुढे जाऊ नका. बोल्ट खोलणं, फळी बदलणं, झडप कायमची उघडी बांधून ठेवणं ही कामं उघाडी ज्या कार्यालयाची आहे त्याची. शेवटचं तर कधीच नको. आमच्याच एका उत्साही मित्राने "पक्ष्यांना पाणी हवं" म्हणून झडप बांधून ठेवली होती, आणि उधाणाचं पाणी मागच्या दोन घरांच्या अंगणात गेलं. माफी मागायला मीच गेलो होतो.

५. ओहोळातला गाळ (पाच-सहा माणसं, दोन-तीन ओहोट्या)

आता कुठे फावडं. आधी बांबूने खोली मोजत पाइपापासून खाडीपर्यंत चालत जा. सगळीकडे सारखा गाळ क्वचितच असतो. बहुतेकदा एखाद्या वळणावर उंबरा तयार झालेला असतो आणि तोच पाणी अडवतो. तेवढाच काढायचा.

खणायला सुरुवात खाडीकडून करा आणि पाइपाकडे या. म्हणजे खणलेल्या चरातलं पाणी आपोआप निघून जातं आणि तुम्ही डबक्यात उभे राहून काम करत नाही. चर हातभर रुंद पुरे. आपण पाण्याला वाट दाखवायची. ओहोटीचं पाणी वेगाने जाताना ती स्वतः खोल-रुंद करतं. दोन उधाणं जाऊ द्या, मग पुन्हा मोजा.

पण त्या उंबऱ्यावर तिवराची रोपं रुजलेली असतील तर फावडं खाली ठेवा, रोप वीतभर असलं तरी. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ च्या आदेशानंतर २०१८ च्या निकालात कांदळवनांच्या तोडीवर राज्यभर बंदी कायम केली आहे, आणि भोवतीच्या ५० मीटरच्या पट्ट्यालाही संरक्षण आहे. "पक्ष्यांसाठी काढली" हे कारण चालत नाही. रीतसर अर्ज, जागेची पाहणी, मग जे सांगतील ते. काढलेला गाळ तिवरांच्या श्वासमुळांवर टाकणंही तितकंच वाईट. ती मुळं झाकली की झाड गुदमरतं.

जेसीबी हा शब्द बैठकीत निघाला की मी अस्वस्थ होतो. जेसीबीने तळं "नीट" करून दिलं की कडा उभ्या होतात, तळ एकसारखा सपाट होतो, आणि टिलव्याला उभं राहायला जागा उरत नाही. उतरत्या कडा आणि वाकडातिकडा तळ हीच पाणथळीची श्रीमंती.

६. बांधाची गळती

तळं दर ओहोटीला पार रिकामं होत असेल आणि झडप नीट मिटत असेल, तर उधाणानंतरच्या ओहोटीला बांधाच्या बाहेरच्या पायथ्याने चाला. खेकड्यांची आणि घुशींची बिळं पाझरताना दिसतात. स्वच्छ पाणी झिरपत असेल तर काठी रोवून खूण करा आणि भांगाच्या दिवसांत आतल्या बाजूने चिकण चिखल आणि भाताचा पेंढा एकत्र तुडवून भोक बुजवा. किनाऱ्यावरचे बांध पिढ्यान् पिढ्या असेच सांभाळले गेलेत.

गढूळ पाणी येत असेल तर बांधाची माती आतून वाहून चालली आहे. धार वाढत असेल, बांधाचा माथा खचलेला दिसत असेल, तर सगळ्यांना खाली उतरवा आणि लगेच कळवा. तो बांध पुढच्या उधाणात फुटू शकतो.

७. पाण्याला वास, मासे वर

पाणी आत-बाहेर व्हायला लागलं की हे बहुतेकदा आठवड्याभरात सुधारतं. प्राणवायू रात्रभर खर्च होऊन पहाटे सर्वांत कमी असतो, म्हणून मासे पहाटे वर येतात. दुपारी बघून "ठीक आहे" म्हणू नका. पाणी खेळतं असूनही वास जात नसेल तर कुठला तरी नाला येऊन मिळतोय. फोटो, तारीख, वेळ घेऊन प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करा. पाण्याचे नमुने त्यांनीच घ्यायचे. बिसलेरीच्या बाटलीत भरलेला तुमचा नमुना कुणी धरत नाही.

मेलेले किंवा मान टाकलेले पक्षी दिसले तर मात्र कोणतीही तपासणी नाही. मान उचलता येत नाही, पंख लोंबतात, पाय चालत नाहीत, ही बॉट्युलिझमची (जिवाणूंच्या विषाने होणाऱ्या लकव्याची) लक्षणं असू शकतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये राजस्थानातल्या सांभर सरोवरावर यानेच हजारो पक्षी गेले. साठलेलं कोमट पाणी, कुजणारं काहीतरी, त्यावरच्या अळ्या आणि त्या अळ्या खाणारे पक्षी, असं ते चक्र फिरत राहतं. मेलेले पक्षी लवकर उचलणं गरजेचं असतं, पण ते तुम्ही उचलायचे नाहीत, कारण बर्ड फ्लूही असू शकतो आणि नुसत्या नजरेने फरक कळत नाही. वनखात्याचा १९२६ लावा, पशुवैद्यक येईपर्यंत लोकांना आणि कुत्र्यांना लांब ठेवा.

८. सगळं ठीक, तरी पक्षी नाहीत

तारीख बघा. रोहितांचे मोठे थवे मुंबईकडे साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून जमतात; ऑक्टोबरात त्यांची वाट बघून उपयोग नाही. तुतवार-चिखल्ये मात्र ऑगस्ट-सप्टेंबरपासूनच यायला लागतात, आणि नेमकं तेव्हा तळं पावसाच्या पाण्याने तुडुंब असतं. म्हणून सप्टेंबरच्या मध्यापासून परवानगीने पातळी उतरवायला घ्या, पण दिवसाला दोन-तीन सेंटिमीटरच. रोज नवा ओला पट्टा उघडा पडतो, त्यातले किडे-अळ्या चोचीला मिळतात. एकदम रिकामं केलं तर चार दिवस मेजवानी आणि मग कडक तळ.

त्यानंतर कुत्री, ड्रोन, आणि चांगल्या फोटोसाठी चिखलात उतरणारी मंडळी. दगड मारून थवा उडवणारेही भेटतात. त्यांच्याशी वाद घालत बसू नका. भरतीच्या आधी दोन तास बांधाच्या दोन्ही टोकांना दोन-दोन माणसं उभी करा आणि बघा. पहिल्याच आठवड्यात थवा उतरला, तर दुखणं पाण्याचं नव्हतं.

फोन कुणालाही करा, पण हे हाताशी ठेवून करा: तारीख आणि तिथी, दोन्ही काठ्यांचे आकडे वेळेसकट, झडपेचा ओहोटीचा एक आणि भरतीचा एक फोटो, आणि १ ते ८ पैकी तुम्ही काय काय करून बघितलंत. मलाही हेच विचारायचं असतं.